दुर्दैवाने, मुलासह हजर

जर्मन शिकताना पहिल्या काही दिवसांतच कानात बसणारा एक शब्द म्हणजे ‘लायडर’. वर्गात शिकवायच्या आधी तो स्टेशनवरच भेटतो. गाडी लायडर दहा मिनिटं उशिरा येईल. डॉक्टर आज लायडर नाहीत. मराठीत त्याला चपखल शब्द मला सापडलेला नाही. ‘दुर्दैवाने’ म्हटलं तर जड होतं, ‘क्षमस्व’ म्हटलं तर पाटी वाचल्यासारखं वाटतं. श्टुटगार्टच्या एका उपनगरात आम्ही राहत होतो, तेव्हा मी रोज एस-सिक्स लोकल पकडायचे. गाडीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असायचं, वाइल डेअर श्टाट. वाटेत लेओनबेर्ग लागायचं. दीड वर्ष ही नावं मी नुसती वाचली. एका रविवारी उतरले नाही, शेवटपर्यंत बसून राहिले, आणि त्या दिवसापासून योहानेस केप्लर आणि त्याची आई काटारीना माझ्या मनातून गेलेले नाहीत.

याच मुलुखात ग्यूगलिंगेन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या कोर्टाच्या कारकुनाने सतराव्या शतकात एका सुनावणीच्या नोंदीत लिहिलं: अटकेतली स्त्री हजर झाली, लायडर, तिचे चिरंजीव गणितज्ञ योहान केप्लर यांच्या मदतीसह. मूळ ओळीत तो शब्द खरोखरच आहे. मी तो वाचला तेव्हा आधी वाटलं की आपल्याला जर्मन नीट कळलेलं नाही. पुन्हा वाचलं. कारकुनाला वाईट कशाचं वाटलं होतं? सत्तरी ओलांडलेली, अक्षरओळख नसलेली एक विधवा एकटी समोर आली असती, तर काम लवकर उरकलं असतं. ती दुर्दैवाने मुलासह आली.

आपल्याला केप्लर भेटतो तो अकरावीच्या भौतिकशास्त्रात, तीन नियमांपुरता. ग्रह लंबवर्तुळात फिरतात, सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीवर असतो. सूर्याजवळ आले की वेग वाढतो. आवर्तकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. परीक्षेला एवढं पुरतं. हे नियम शोधणाऱ्या माणसाने आयुष्यातली सहा वर्षं आईवरचा चेटकाचा आरोप परतवण्यात घालवली, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

तो २७ डिसेंबर १५७१ रोजी वाइल डेअर श्टाटला जन्मला. बाप भाडोत्री सैनिक, कधी घरी तर कधी नेदरलँड्सच्या लढायांत, आणि शेवटी एकदा गेला तो परत आलाच नाही. लहानपणी देवी आल्या, त्यात योहानेसची नजर कायमची अधू झाली. आकाशाचा हिशोब बदलून टाकणाऱ्या माणसाला आकाश धड दिसत नव्हतं. आई काटारीना एल्टिंगेनच्या खाणावळवाल्याची मुलगी. १५७७ साली मोठा धूमकेतू आला, तेव्हा तिने सहाव्या वर्षात असलेल्या योहानेसला एका उंच जागी नेऊन तो दाखवला. ही आठवण त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यानेच आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. पंचविशीत असताना त्याने घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका मांडल्या आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहिल्या. आईबद्दल लिहिलं ते असं: ठेंगणी, किडकिडीत, सावळी, बडबडी, भांडखोर, मनाने चांगली नव्हे. मला हे वाचून बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते सांगायला हवं. आईसाठी कोर्टात उभ्या राहिलेल्या मुलाची गोष्ट सांगताना आपण आईला लगेच देवघरात नेऊन बसवतो. इथे तसं नाही. मुलगा आईला ओळखून होता. तिची जीभ, तिचा हेका, तिचं दुसऱ्याच्या घरात डोकावणं, सगळं त्याला माहीत होतं आणि आवडत नव्हतं.

आता १६१५ सालचं लेओनबेर्ग. बाजारचौक, लाकडी चौकटींची घरं, वर ड्यूकचा वाडा. या गावात काटारीना एकटी राहत होती. धाकटा मुलगा क्रिस्टोफ तिथेच कथिलाची भांडी बनवायचा. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या राइनबोल्डची बायको उर्सुला हिचं आणि क्रिस्टोफचं बिनसलं, काटारीनाने मुलाची बाजू घेतली. उर्सुला बरीच वर्षं आजारी होती. ती म्हणू लागली, म्हातारीने काही वर्षांपूर्वी मला काहीतरी प्यायला दिलं, तेव्हापासून हे दुखणं आहे. उर्सुलाचा भाऊ राजघराण्याच्या पदरी होता, हजामत आणि शस्त्रक्रिया दोन्ही करणारा, त्या काळचा न्हावी-वैद्य. तो ऑगस्टमध्ये गावात आला, ड्यूकचा अंमलदार आइनहोर्न याच्याबरोबर दारू प्यायला बसला, आणि त्या अवस्थेत दोघांनी काटारीनाला बोलावून घेतलं. भावाने तलवार उपसून तिच्यावर रोखली: माझ्या बहिणीवर जे केलंस ते काढून घे. अंमलदार बघत होता. त्याच सुमारास त्याने गावातल्या इतर काही बायकांना चेटकिणी ठरवून देहदंडापर्यंत पोचवलं होतं.

काटारीना औषधी पाला गोळा करायची, दुखणेकऱ्याजवळ बसून आशीर्वादाचे मंत्रवजा शब्द म्हणायची. हे गुन्ह्याचं मूळ म्हणावं, तर त्याच गावात वर वाड्यात काय होतं? ड्यूकच्या विधवा झालेल्या राणीसाठी, सिबिलासाठी, १६०९ साली वास्तुकार हाइनरिश शिकहार्ट याने तिथे बाग उभारली होती. राणीलाही औषधी वनस्पतींचा नाद होता, ती औषधं करून लोकांना द्यायची. ती बाग पुन्हा मूळ आराखड्याप्रमाणे लावली आहे, आजही बघायला मिळते. मी तिथल्या बाकावर बसले होते. आखीव वाफे, मधोमध कारंजं. खाली गावात त्याच पाल्याचा काढा देणारी दुसरी एक विधवा राहायची, तिच्याकडे बाग नव्हती एवढंच.

घरच्यांनी उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला. केप्लर तेव्हा ऑस्ट्रियातल्या लिंझला राहत होता. बहीण मार्गारेटाचं पत्र त्याच्या हातात पडलं ते २९ डिसेंबर १६१५ रोजी. त्याने काय केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. चारच दिवसांत, २ जानेवारीला, त्याने लेओनबेर्गच्या नगरसभेला पत्र पाठवलं. पत्रात संताप आहेच. पण त्याबरोबर एक मागणी आहे: आजवरच्या सगळ्या कागदपत्रांच्या नकला मला पाठवा.

नकला मागणारा हा माणूस कोण होता ते समजायला मंगळाकडे जावं लागतं.

१६०० साली केप्लर प्रागला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ट्यूको ब्राहेकडे गेला. ट्यूकोने दुर्बीण नसलेल्या काळात नुसत्या डोळ्यांनी, प्रचंड उपकरणं वापरून, वर्षानुवर्षं ग्रहांच्या नोंदी ठेवल्या होत्या. दोन वर्षांच्या आतच ट्यूको वारला आणि नोंदी केप्लरकडे आल्या. त्याने मंगळाची कक्षा वर्तुळ धरून मांडायला घेतली. गणित पुन्हा पुन्हा केलं. वाचकाला तो लिहितो की हे वाचून तुम्ही कंटाळला असाल तर माझी कीव करा, मी हे किमान सत्तर वेळा केलं आहे. शेवटी मांडणी जमली. जवळजवळ जमली. दोन ठिकाणी मंगळ गणिताने सांगितलेल्या जागेपासून आठ कला दूर निघाला.

आठ कला म्हणजे किती? एका अंशाच्या साठ कला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण तीस कला रुंद दिसतो. म्हणजे चंद्राच्या एका कडेपासून त्याच्या रुंदीच्या पावभागापर्यंत जेवढं अंतर, तेवढी चूक. आधीच्या कुणाही ज्योतिर्विदाने हे सोडून दिलं असतं. प्राचीन काळचा ज्योतिर्विद टॉलेमी याचं निरीक्षणच दहा कलांच्या आत जात नव्हतं. केप्लरने सोडलं नाही, कारण ट्यूको आठ कलांनी चुकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने वर्तुळ टाकून दिलं. दोन हजार वर्षं पवित्र मानलेलं वर्तुळ. १६०९ साली त्याचं मंगळावरचं पुस्तक छापून आलं, त्यात तो म्हणतो की या आठ कलांनीच सगळ्या खगोलशास्त्राच्या पुनर्रचनेचा रस्ता दाखवला.

मला खगोलशास्त्रातलं फार कळत नाही. पण ‘जवळजवळ जमलं’ इथे थांबण्याचा मोह मला चांगला माहीत आहे. साक्षीदार साधारण एकच सांगतात, म्हणजे काहीतरी असणारच. धूर आहे म्हणजे आग असेलच. इतके लोक म्हणतात त्यात थोडं तरी तथ्य असेल. माणसाबद्दलची आपली बहुतेक मतं अशाच ‘थोडं तरी’वर उभी असतात.

लेओनबेर्गमध्ये तेच झालं. उर्सुलाने एक गोष्ट सांगितली आणि मग प्रत्येकाला आपापली आठवू लागली. शाळामास्तर म्हणाला, मी तिच्या घरी वाइन प्यालो आणि पाय लुळा पडला. खाटिक म्हणाला, ती शेजारून गेली आणि मांडीत कळ आली. १६१६ साली विटा वाहून नेणाऱ्या मुली रस्त्यात तिच्या बाजूने गेल्या, त्यांतल्या एकीचा हात दुखू लागला. अंमलदाराने तो हात तपासला आणि ही चेटकिणीचीच पकड असं जाहीर केलं. काटारीना घाबरली. प्रकरण मिटावं म्हणून तिने अंमलदाराला चांदीचा पेला देऊ केला, तोही तिच्याविरुद्ध पुरावा झाला. शिंप्याची गोष्ट तर मला नीट वाचवलीही नाही. त्याची मुलं दगावली होती. काटारीना एकदा त्यांच्या पाळण्यावर वाकली होती.

मी दहा वर्षांची असेन. सातारा जिल्ह्यात आमच्या गावी शेजारच्या घरी बारसं होतं. माझी आत्या लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आलेली. गावात तिला पांढऱ्या पायाची म्हणत, तिच्यासमोर नाही, पण तिला ऐकू येईल इतक्या जवळून. तिने बाळासाठी स्वतः टोपडं शिवलं होतं. ते घालायला ती पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या आजीने पाळण्याची दोरी धरून पाळणा हळूच स्वतःकडे ओढला. हळूच, अगदी सहज ओढावा तसा. आत्या टोपडं हातात घेऊन उभी राहिली. माझे वडील तिथेच होते, हातात घुगऱ्यांची वाटी. ते काही बोलले नाहीत. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, ‘चल, ऊन वाढलंय.’ आत्या पुढे कुणाच्याही बारशाला गेली नाही. पुष्कळ वर्षांनी मी वडिलांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘काय बोलणार होतो?’ ते कठोर नव्हते. बहिणीवर त्यांचा जीव होता. बोलायला काय लागतं हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि घरात कुणालाच नव्हतं.

सातपुड्याच्या पाड्यांवर अजून कुठल्या तरी बाईला डाकीण ठरवल्याच्या बातम्या येतात. त्याविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात २०१३ साली आला, नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. त्यामुळे लेओनबेर्गच्या चौकात मला ‘त्या काळचे लोक’ असं काही वाटलं नाही.

काटारीना १६१६च्या डिसेंबरात लिंझला मुलाकडे निघून गेली. लोक म्हणाले, पळाली म्हणजे दोषीच. काही महिने राहिली आणि घराच्या ओढीने परत आली. केप्लर तिच्यामागून १६१७ साली आपल्या मुलुखात, वुर्टेमबर्गला गेला, खटला पुढे सरकेना म्हणून हात हलवत परतला. त्या प्रवासात तो संगीतावरचा एक जाड ग्रंथ वाचत होता, गॅलिलिओच्या वडिलांचा, विंचेन्झो गॅलिलेईचा. त्या महिन्यांत त्याची एक लहान मुलगी गेली, सावत्र मुलगी रेगीना गेली, आणि १६१८च्या फेब्रुवारीत तान्ही मुलगीही. तिचं नाव आजीवरून ठेवलं होतं, काटारीना. त्याआधी प्रागमध्ये पहिली बायको आणि सहा वर्षांचा मुलगा एकाच वर्षात गेले होते. हे सगळं सोसत असताना तो विश्वाच्या सुसंवादावर पुस्तक लिहीत होता. ग्रहांच्या गतींमध्ये सूर आहेत, प्रमाणं आहेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. ८ मार्च १६१८ला तिसरा नियम त्याच्या मनात आला, पण गणितात चूक झाल्याने त्याने तो टाकून दिला. १५ मेला तो पुन्हा आला आणि या वेळी टिकला. आठच दिवसांनी, २३ मेला, प्रागच्या राजवाड्याच्या खिडकीतून सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खाली फेकलं गेलं आणि युरोपला तीस वर्षं जाळणारं युद्ध सुरू झालं.

७ ऑगस्ट १६२०च्या पहाटे काटारीनाला पकडलं. ती हॉयमाडेनला मुलीकडे होती, जावई तिथला पाद्री. बोभाटा होऊ नये म्हणून त्यांनी तिला कपड्यांच्या पेटीत घालून घराबाहेर नेलं. ७३ वर्षांची बाई, लाकडी पेटीत. नंतर तिला ग्यूगलिंगेनला हलवलं आणि साखळदंड घातले. दोन पहारेकरी ठेवले. त्यांचा खर्च, त्यांच्या शेकोटीच्या लाकडांचा खर्च तिच्याच पैशातून. धाकटा मुलगा आणि जावई यांनी हळूहळू अंग काढून घेतलं. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांना त्याच मुलुखात राहायचं होतं, भांडी विकायची होती, रविवारी प्रवचन द्यायचं होतं.

केप्लरने लिंझचं बिऱ्हाड आवरलं, बायकामुलांना रेगेन्सबुर्गला ठेवलं, आपण का जातोय ते फारच थोड्यांना सांगितलं, आणि सप्टेंबरच्या शेवटी ग्यूगलिंगेनला येऊन पोचला. सम्राटाचा गणितज्ञ. वर्षभराहून जास्त काळ तो तिथेच त्या मुलुखात राहिला. सुनावण्यांना आईच्या शेजारी उभा राहिला. ट्यूबिंगेनमध्ये त्याचा जुना मित्र क्रिस्टोफ बेसोल्ड कायद्याचा प्राध्यापक होता, त्याचा सल्ला मिळाला. आणि शेवटी बचावाचं लेखी निवेदन गेलं, १२८ पानांचं, त्यातला काही भाग त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात.

या १२८ पानांमध्ये मला मंगळावर काम करणारा माणूस दिसतो. तो ‘माझी आई साध्वी आहे’ असं म्हणत नाही. तो साक्षी एकेक करून हातात घेतो, जणू ट्यूकोच्या वहीतली एकेक रात्र. ही घटना कुणी पाहिली? कधी? दुखणं आधीचं की नंतरचं? शाळामास्तर लुळा झाला, पण त्याआधी तो खंदकावरून उडी मारताना पडला होता. मुलीचा हात दुखला, कारण ती वयाला न झेपणाऱ्या विटा वाहत होती. उर्सुलाचं दुखणं तर त्या पेयाच्या किती आधीपासूनचं. इथे तारखा जुळत नाहीत, इथे साक्षीदाराने ऐकीव सांगितलंय, इथे शब्द बदललाय. सगळ्या गोष्टी ‘जवळजवळ’ जुळत होत्या, आणि तो प्रत्येक ठिकाणी आठ कलांवर बोट ठेवत होता.

काही आरोप मात्र खरे होते, आणि तेच सगळ्यात अवघड. काटारीनाने थडगी खणणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बापाची कवटी मागितली होती, हे खरं होतं. ती चांदीत मढवून योहानेसला पेला म्हणून द्यायची तिच्या मनात होतं. आपण अंगावर काटा येऊन थबकतो. तेही थबकले. तिने कुठल्याशा प्रवचनात ऐकलं होतं की जुन्या काळचे लोक आपल्या माणसांच्या कवट्यांचे पेले करत. म्हातारीला वाटलं, माझा शिकलेला मुलगा, सम्राटाच्या दरबारातला, त्याला आजोबांची आठवण अशी द्यावी. केप्लरने ही गोष्ट नाकारली नाही. तो आईच्या बाजूने उभा राहिला तो या गोष्टीसकट. पंचविशीत त्याने तिच्याबद्दल जे जे लिहिलं होतं त्यातला एकही शब्द त्याला मागे घ्यावा लागला नाही. भांडखोर असणं, बडबडं असणं, विचित्र असणं हा गुन्हा नाही, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. एवढंच सिद्ध करायला १२८ पानं लागली.

एक गोष्ट मात्र मला टोचते आणि ती लपवावीशी वाटत नाही. चेटकिणी नसतातच, असं त्याने लिहिलेलं नाही. माझी आई ती नाही, एवढंच लिहिलं. लेओनबेर्गच्या ज्या बायकांना आधीच मारून टाकलं होतं, त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा गणितज्ञ नव्हता. त्यांच्या नोंदीत कारकुनाला ‘लायडर’ लिहायची वेळ आली नसेल.

साक्ष घेताना काटारीनाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, हेही लिहून घेतलं होतं. चेटकीण रडू शकत नाही अशी समजूत होती. ती म्हणाली, आयुष्यात इतकी रडले आहे की आता उरलेलं नाही. ट्यूबिंगेनच्या कायदेपंडितांनी शेवटी निर्णय दिला: प्रत्यक्ष छळ करायला पुरेसा आधार नाही, पण छळाची भीती दाखवावी. सप्टेंबर १६२१च्या अखेरीस तिला त्या खोलीत नेलं. जल्लाद समोर, हत्यारं मांडलेली, प्रत्येक हत्यार कसं चालतं ते तिला सांगितलं. आता कबूल कर. मुलगा तिथे नव्हता; या खोलीत त्याला जागा नव्हती. काटारीना म्हणाली, माझं काय करायचं ते करा, अंगातून एकेक शीर उपटून काढलीत तरी कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. गुडघ्यावर बसली, प्रभूची प्रार्थना म्हणाली, आणि म्हणाली की मी मेल्यावर देव सत्य उजेडात आणेल. एवढी मोठी गोष्ट तिने स्वतः, एकटीने केली. बचाव मुलाने लिहिला हे खरं, पण त्या खोलीत ती डगमगली असती तर १२८ पानं फुकट गेली असती.

चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ऑक्टोबरमध्ये ती सुटली. लेओनबेर्गला परत जाता येईना, लोक जिवे मारायच्या धमक्या देत होते. १३ एप्रिल १६२२ रोजी ती वारली.

केप्लरने तरुणपणीच चंद्रावरच्या प्रवासाची एक गोष्ट लिहायला घेतली होती. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, तिथले दिवस-रात्र कसे असतील, हे सांगण्यासाठी. १६०९च्या सुमारास ती आकाराला आली. गोष्टीतला मुलगा दुराकोटुस आइसलँडचा. त्याची आई फिओल्क्सहिल्डे औषधी पाल्याच्या पुरचुंड्या करून खलाशांना विकते, आणि एका आत्म्याला हाक मारून बोलावू शकते. त्याची एक हस्तलिखित प्रत १६११मध्ये प्रागबाहेर पडली आणि ट्यूबिंगेनपर्यंत पोचली. आईवरच्या आरोपाला या गोष्टीने हातभार लावला, न्हाव्यांच्या दुकानांत तिची चर्चा झाली, असं केप्लरला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं. खटल्याच्या आरोपांत या गोष्टीचा उल्लेख नाही. पण मुलाच्या मनातून ते गेलं नाही.

आई गेल्यावर त्याने ते हस्तलिखित पुन्हा काढलं. गोष्ट छोटीशी, पण तिला त्याने २२३ टिपा जोडल्या, मरेपर्यंत जोडत राहिला. हा शब्द का वापरला, हे नाव कुठून आलं, या वाक्यात माझ्या मनात काय होतं. साक्षींची तपासणी केली तशीच आता स्वतःच्या वाक्यांची. १६३०च्या नोव्हेंबरात रेगेन्सबुर्गला तो वारला; युद्धात त्याचं थडगंही नाहीसं झालं. गोष्ट छापली गेली १६३४ साली, त्याचा मुलगा लुडविग याने ते काम पुरं केलं.

गोष्टीत मुलगा कुतूहलापोटी आईची एक पुरचुंडी फाडतो, ती रागाच्या भरात त्याला जहाजवाल्याच्या हवाली करते. तो भरकटत ट्यूको ब्राहेच्या बेटावर पोचतो, आकाश शिकतो, आणि पाच वर्षांनी घरी येतो. आई त्या पहिल्या रागाने केव्हाची पस्तावलेली. मुलगा तारे शिकून आला हे कळल्यावर तिला एवढा आनंद होतो की ती म्हणते, आता मी मरायला मोकळी झाले, माझ्याजवळ जे एकच धन आहे, माझं ज्ञान, ते घ्यायला मुलगा आला. मग ती त्याच्यापासून थोडं दूर, जवळच्या चौरस्त्यावर जाते, आत्म्याला हाक मारते, परत येते, आणि हाताने खूण करते, गप्प बस. दोघं शेजारी बसतात, डोक्यावरून कपडा ओढून घेतात, आणि चंद्राबद्दल बोलणारा आवाज सुरू होण्याची वाट बघतात.